बॅटरीच्या पोटातला ऑक्सिजन

मे महिन्यातली दुपार. अकोला म्हणा, चंद्रपूर म्हणा. पारा ४५च्या पुढे. पार्सल पोचवणारा तरुण दीड वाजता घरी जेवायला येतो, स्कूटर भिंतीच्या सावलीत लावतो, सीटखालचा बॅटरी पॅक उचलून घरात आणतो आणि तो हाताला चटका बसेल इतका तापलेला असतानाच चार्जरला जोडतो. चार वाजता पुन्हा निघायचे असते. आई म्हणते, "अरे, जरा निवू तरी दे त्याला." तो म्हणतो, "काही होत नाही गं, एलएफपी आहे." शोरूममध्ये त्याला तसेच सांगितलेले असते. शेजाऱ्यांची स्कूटर मात्र एनएमसीवाली. या तीन-तीन अक्षरांवरून आता चौकात वाद रंगतात. पण ही अक्षरे नेमकी कशाची, हे सांगणारा विक्रेता क्वचितच भेटतो.

ती एका काळ्या भुकटीची नावे आहेत. लिथियम-आयन सेलमध्ये दोन पातळ धातूंच्या पट्ट्या असतात. तांब्याच्या पट्टीवर ग्राफाइटचा लेप, तर ॲल्युमिनियमच्या पट्टीवर धातूच्या ऑक्साइडचा किंवा फॉस्फेटचा काळा लेप. दोहोंच्या मध्ये प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा, आणि हे सगळे भिजलेले असते एका ज्वलनशील द्रवात. ॲल्युमिनियमवरचा लेप म्हणजे कॅथोड. (शाळेत कॅथोड म्हणजे ऋणाग्र असे घोकलेल्यांनी गोंधळू नये, बॅटरीवाले धन टोकाला कॅथोड म्हणतात.) बॅटरीची किंमत, तिचे वजन, एका चार्जमध्ये गाडी किती जाणार आणि बिघाड झाला तर ती किती भडकणार, या सगळ्यांत या भुकटीचा वाटा फार मोठा आहे.

या भुकटीची गोष्ट सुरू होते ऑक्सफर्डमध्ये. १९७०च्या दशकात अमेरिकेत स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम सल्फाइडच्या थरांमध्ये लिथियमचे आयन शिरतात आणि बाहेरही येतात, हे दाखवून पुन्हा पुन्हा चार्ज होणारी लिथियम बॅटरी बनवली होती. मात्र तिचे दुसरे टोक शुद्ध लिथियम धातूचे होते. त्या धातूवर चार्जिंगच्या वेळी केसासारखे तंतू वाढत, पडदा भेदून पलीकडे पोचत आणि बॅटरी पेट घेई. ऑक्सफर्डमधल्या जॉन गुडइनफ यांचा विचार वेगळा होता. सल्फाइडऐवजी ऑक्साइड वापरले तर दाब, म्हणजे व्होल्टेज, जास्त मिळेल, असे त्यांना वाटले. १९८० साली त्यांनी आणि जपानहून आलेल्या कोइची मिझुशिमा यांच्यासह सहकाऱ्यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइड जगापुढे मांडले. चार व्होल्ट! आणखी एक सोय अशी, की या पदार्थात लिथियम मुळातच भरलेले होते, म्हणजे बॅटरी रिकाम्या अवस्थेत, हवेत न बिघडणाऱ्या भुकटीपासून बनवता येत होती. ऑक्सफर्डने त्याचे पेटंट घेण्यातही रस दाखवला नाही. पुढे जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी १९८५च्या सुमारास त्याला कार्बनचे दुसरे टोक जोडले, सेलवर जड लोखंडी वजन टाकून तो पेटत नाही ना हे पाहिले, आणि १९९१ मध्ये सोनी कंपनीने तो बाजारात आणला. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते.

लिथियम कोबाल्ट ऑक्साइडची रचना थराथराची. ऑक्सिजनचे थर, त्यांच्यात एकाआड एक कोबाल्ट आणि लिथियम. चार्ज करताना लिथियमचे आयन या थरांतून निघून द्रवातून पलीकडच्या ग्राफाइटमध्ये जाऊन बसतात. वापरताना ते परत येतात. हे ये-जा करणे ऐकायला सोपे वाटते. भाडेकरू गेला, खोली रिकामी झाली, आला, भरली. पण इथला भाडेकरू हाच घराचा टेकूही असतो. लिथियम धन भाराचा, त्याच्या वर-खाली असलेले ऑक्सिजनचे थर ऋण भाराचे. लिथियम निघून गेला, की समोरासमोर आलेले दोन ऋण थर एकमेकांना ढकलू लागतात. सुरुवातीला थरांतले अंतर थोडे वाढते, आणि लिथियम फारच कमी उरला की थर घसरून एकमेकांवर बसतात. एवढी पडझड झाली की परत आलेल्या लिथियमला पूर्वीची जागा सापडत नाही.

म्हणून या पदार्थातला सगळा लिथियम कधीच काढला जात नाही. कागदावरच्या हिशेबाने दर ग्रॅममागे २७४ मिलिॲम्पिअर-तास मिळायला हवेत. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे त्यातले निम्मे, म्हणजे १४० च्या आसपासच, घेतले गेले. ४.२ व्होल्टला चार्जर थांबायचा तो याचसाठी. मोबाइलच्या पडद्यावर १०० टक्के दिसत असताना कॅथोडमध्ये जवळजवळ अर्धा लिथियम शिल्लक असायचा. तो वाया गेलेला नव्हता; घर उभे राहावे म्हणून ठेवलेला होता. अलीकडच्या फोनमध्ये ही मर्यादा थोडी पुढे ढकलली आहे. भुकटीच्या कणांवर संरक्षक लेप चढवून आणि इतर धातूंचे थोडे अणू मिसळून ते जमवले आहे, पण तत्त्व तेच.

थर कोसळणे हा निम्मा प्रश्न झाला. उरलेला निम्मा जास्त गंभीर आहे आणि तो ऑक्सिजनचा आहे. लिथियम बाहेर जाताना प्रत्येक आयनामागे एक इलेक्ट्रॉनही बाहेर जातो. तो मुख्यतः कोबाल्टकडून घेतला जातो. पण लिथियम बराच निघून गेला, की ऑक्सिजनलाही झळ लागते. इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन स्फटिकात टिकत नाही. त्यातच सेल तापला, तर तो सुटून वायू बनतो. म्हणजे पूर्ण चार्ज झालेली बॅटरी ही ज्वलनशील द्रवाने भरलेली, आणि त्याच डबीत ऑक्सिजनही साठवलेली अशी वस्तू असते. लाकूड किंवा तेल पेटले तर हवा तोडून आग विझवता येते. तव्यावर पेटलेल्या तेलावर झाकण ठेवतात ते त्यासाठीच. इथे झाकण ठेवून फारसा उपयोग होत नाही. अग्निशमन दलाचे जवान अशा आगीवर बराच वेळ पाणी मारत राहतात ते मुख्यतः पॅक थंड करण्यासाठी. एक सेल विझला तरी शेजारचा तापून पेटू शकतो.

इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. ४५ अंशांच्या उन्हाने कॅथोडमधला ऑक्सिजन सुटत नाही. बिघाडाची साखळी साधारण अशी असते: आतला एखादा दोष, पडल्याने बसलेला मार, पाण्याने झालेला शॉर्ट किंवा न थांबणारा चार्जर, यांपैकी कशाने तरी सेल तापतो, ८०-९० अंशांच्या पुढे ग्राफाइटवरचे संरक्षक आवरण तुटू लागते आणि त्यातून आणखी उष्णता निघते, १३० च्या आसपास प्लास्टिकचा पडदा वितळतो आणि दोन्ही टोके एकमेकांना भिडतात, २०० अंशांच्या आगेमागे ऑक्साइडचा कॅथोड ऑक्सिजन सोडू लागतो. त्यानंतर थांबवायला कोणाच्या हाती काही राहत नाही. ऊन यात दोन प्रकारे सामील होते. आधीच तापलेल्या पॅकला धोक्याची पातळी जवळ पडते, आणि रोजच्या उष्णतेने कॅथोड हळूहळू, आतल्या आत झिजतो.

कोबाल्ट महाग, आणि जगातला बहुतांश कोबाल्ट काँगोच्या खाणींतून येतो. तिथल्या हाताने खोदायच्या खाणींत लहान मुलेही राबतात, हे आता लपून राहिलेले नाही. कोबाल्टचा माणसाशी संबंध तसा विचित्र आहे. बी-१२ जीवनसत्त्वाच्या मध्यभागी कोबाल्टचा एक अणू असतो, त्याशिवाय रक्त नीट बनत नाही. पण १९६०च्या दशकात कॅनडातल्या क्वेबेक शहरात बिअरचा फेस टिकावा म्हणून कोबाल्टचा क्षार मिसळला गेला, तेव्हा भरपूर बिअर पिणाऱ्यांची हृदये निकामी होऊन माणसे दगावली. खाणीतली आणि कारखान्यातली कोबाल्टची धूळ फुप्फुसांनाही चांगली नाही. त्यामुळे कोबाल्ट कमी करण्याचा ध्यास शास्त्रज्ञांनी घेतला तो केवळ पैशासाठी नाही.

त्यातून एनएमसी आला: निकेल, मँगॅनीज, कोबाल्ट. थरांची रचना तीच, पण कोबाल्टच्या बऱ्याच जागा इतर दोघांनी घेतलेल्या. पहिल्या प्रकारात तिघे समसमान; पुढे निकेल वाढत गेले आणि एनएमसी ८११ मध्ये दहा भागांत आठ भाग निकेल झाले. निकेल जास्त, तेवढा जास्त लिथियम काढता येतो आणि तेवढी गाडी जास्त धावते. त्याची किंमतही मोजावी लागते. निकेलचा आयन आणि लिथियमचा आयन आकाराने जवळपास सारखे, त्यामुळे निकेल हळूच लिथियमच्या जागेत जाऊन बसतो आणि वाट अडवतो. पूर्ण चार्जच्या जवळ थर एकदम आकसतात, वापरताना पुन्हा पसरतात. शेकडो वेळा असे झाले की भुकटीच्या कणांना बारीक भेगा पडतात. भेगेतून द्रव आत झिरपतो, आतले नवे पृष्ठभाग त्याच्या तावडीत सापडतात, ऑक्सिजन निसटतो आणि तिथली थरांची रचना बदलून मिठाच्या स्फटिकासारखी होते. या रचनेतून लिथियम जाऊ शकत नाही. बॅटरी 'म्हातारी' होते ती अशी. आणि निकेल जितके जास्त, तितक्या कमी तापमानाला हा कॅथोड ऑक्सिजन सोडतो.

यावर उपायही निघाले आहेत. कणांवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा लेप देणे, थोडे ॲल्युमिनियम स्फटिकातच मिसळणे, आणि सर्वांत गमतीचा म्हणजे कणाची जातच बदलणे. नेहमीचा कण म्हणजे शेकडो बारीक स्फटिकांचा राजगिऱ्याचा लाडू. तडा जातो तो दाण्यांच्या जोडावर. त्याऐवजी एकच अखंड स्फटिक असलेला कण बनवला, तर तडा जायला जोडच राहत नाही. कॅनडातील डलहौसी विद्यापीठात जेफ डान यांच्या गटाने २०१९ मध्ये अशा एकस्फटिकी एनएमसीच्या सेलवरील दीर्घ चाचण्या प्रसिद्ध केल्या. असे सेल मोटारीला १६ लाख किलोमीटरहून अधिक चालवू शकतील, असे त्यांचे अनुमान होते.

आता एलएफपी, म्हणजे त्या तरुणाच्या स्कूटरमधला लिथियम आयर्न फॉस्फेट. गुडइनफ १९८६ मध्ये टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला गेले. तिथे त्यांच्यासोबत काम करणाऱ्यांत भारतीय नावे बरीच दिसतात. तमिळनाडूतून आलेल्या अरुमुगम मंथिराम यांनी गुडइनफ यांच्याबरोबर ऑक्साइडऐवजी सल्फेटसारखे गट वापरून पाहिले होते. (२०१९ मध्ये गुडइनफ यांचे नोबेल व्याख्यान स्टॉकहोममध्ये त्यांच्या वतीने मंथिराम यांनीच दिले.) पुढे १९९७ मध्ये अक्षय पाधी, के. एस. नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी लोह-फॉस्फेटचा कॅथोड जाहीर केला. लोह स्वस्त, फॉस्फेट तर आपल्या हाडांतही आहे.

या कॅथोडची खरी ताकद फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांच्यातल्या बंधात आहे. ऑक्साइडच्या थरांत ऑक्सिजन केवळ शेजारच्या धातूंच्या आधाराने असतो. फॉस्फेटमध्ये चार ऑक्सिजन एका फॉस्फरसला घट्ट बिलगलेले असतात. लिथियम सगळा निघून गेला तरी ही मिठी सुटत नाही आणि सांगाडा जवळपास तसाच उभा राहतो; आकारमान सात टक्क्यांच्या आत कमी होते, एवढेच. त्यामुळे इथे निम्मा लिथियम राखून ठेवावा लागत नाही. सेल तापला तरी हा कॅथोड ऑक्सिजन सहजी सोडत नाही. तोटेही आहेत. विजेचे वहन फार वाईट; कण बारीक करून त्यांवर कार्बनचा मुलामा दिल्यावरच तो कामाचा झाला. व्होल्टेज कमी, ३.४ च्या आसपास, म्हणून तेवढ्याच अंतरासाठी पॅक जड. आणि त्याचे व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहत असल्याने बॅटरी किती उरली हे गाडीतल्या यंत्रणेला ओळखणे अवघड जाते. म्हणूनच एलएफपीवाल्या गाड्यांना अधूनमधून पूर्ण १०० टक्के चार्ज करा असे सांगतात, तर एनएमसीवाल्यांना रोज ८०-९० वर थांबा असे सांगतात. दोन्ही सल्ले बरोबर आहेत. फक्त आपली बॅटरी कोणती, ते माहीत हवे.

मँगॅनीजचे एक प्रकरण राहिले, आणि त्याचे महाराष्ट्राशी नाते आहे. भंडारा जिल्ह्यात तुमसरजवळच्या डोंगरी बुजुर्ग या खाणीतून निघणारे मँगॅनीज डायऑक्साइडचे खनिज टॉर्चच्या साध्या सेलसाठी वापरले जाते. खाण चालवणाऱ्या 'मॉइल' या सरकारी कंपनीचे मुख्यालय नागपूरला आहे. लिथियमच्या कॅथोडमध्ये मँगॅनीज आणले ते दक्षिण आफ्रिकेच्या मायकेल थॅकरे यांनी, गुडइनफ यांच्याच प्रयोगशाळेत, १९८३ च्या सुमारास. स्वस्त, बऱ्यापैकी सुरक्षित. पण उष्णतेपुढे दुबळे. द्रवातील फ्लोरिनयुक्त क्षाराचा ओलाव्याच्या अंशाशी संबंध आला की हायड्रोफ्लोरिक आम्ल बनते. ते मँगॅनीजला विरघळवते. विरघळलेले मँगॅनीज पलीकडे जाऊन ग्राफाइटवरचे आवरण बिघडवते. जितके गरम, तितके वेगाने. २०१२ च्या सुमारास अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटी उन्हात एका मँगॅनीजप्रधान बॅटरीच्या मोटारीचे मालक दोन वर्षांतच पल्ला घटल्याची तक्रार करू लागले होते. आपल्याकडच्या मे महिन्यालाही तो धडा लागू पडतो. (मँगॅनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे गेली तर कंपवातासारखा आजार होतो, स्कॉटलंडमधल्या कूपर नावाच्या डॉक्टरांनी तो १८३७ मध्येच नोंदवला होता.)

या हायड्रोफ्लोरिक आम्लाकडे दवाखान्याच्या बाजूने पाहायला हवे, कारण 'एलएफपी आहे, काही होत नाही' या वाक्यातली खोट इथे आहे. फ्लोरिनचा क्षार दोन्ही प्रकारच्या बॅटऱ्यांत असतो. सेल पेटला तर त्याच्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये वेगवेगळ्या सेलना जाळून मोजले, तेव्हा दर वॉट-तासामागे २० ते २०० मिलिग्रॅम हायड्रोजन फ्लोराइड निघालेला आढळला, आणि त्यांत लोह-फॉस्फेटचे सेलही होते. दोन युनिट वीज मावणाऱ्या पॅकसाठी हा हिशेब ४० ग्रॅमपासून पुढे जातो. हवेच्या दहा लाख भागांत याचे ३० भाग झाले, की ती हवा जीवाला तत्काळ धोक्याची समजतात. १० बाय १० च्या बंद खोलीत ती पातळी गाठायला एक ग्रॅमसुद्धा लागत नाही. एलएफपीमध्ये आगीची शक्यता कमी, भडकाही कमी. धूर मात्र बिनविषारी नसतो.

हा वायू ओलसर श्वासनलिकेत आम्ल बनतो आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू शकते. म्हणून सुरुवातीला फक्त खोकला आहे म्हणून घरी थांबणे धोक्याचे. त्वचेवर लागला तर जखम दिसते त्याहून दुखणे जास्त असते. फ्लोराइड आत शिरून कॅल्शियमला बांधून टाकते. रक्तातले कॅल्शियम घसरले, की हृदयाचे ठोके बिघडतात. यावरचा उपाय साधा आणि बहुतेक सरकारी रुग्णालयांत असणारा आहे: भरपूर पाण्याने धुणे आणि कॅल्शियम ग्लुकोनेट, जखमेवर लेप म्हणून किंवा शिरेतून. अडचण एवढीच, की साध्या भाजण्यात आणि याच्यात बाहेरून पटकन फरक कळत नाही.

मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटल्याचे चित्रण देशभर फिरले. त्या उन्हाळ्यातल्या अशा अनेक घटनांनंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू केले. एक सेल तापला तर आग शेजाऱ्याकडे पसरू नये, हे आता पाहिले जाते. हे नियम नव्या पॅकसाठी. गल्लीतल्या दुकानात जुने सेल जोडून बनवलेल्या पॅकला, किंवा स्वस्तात घेतलेल्या भलत्याच चार्जरला ते कसे आवरणार? कॅथोडला सर्वांत मोठा धोका जादा चार्जिंगचा आहे, आणि वेळेवर थांबवणे हे चार्जरचे आणि पॅकमधल्या नियंत्रकाचे काम आहे.

तेव्हा त्या तरुणाच्या आईचे म्हणणे बरोबर होते. पॅक हाताला कोमट लागेपर्यंत, अर्धा-पाऊण तास, थांबावे. जिन्याखाली किंवा घराच्या एकमेव दारापाशी चार्जिंगला लावू नये, कारण आग लागली तर बाहेर पडायची वाटच ती असते. रात्री सगळे झोपलेले असताना तर नकोच. फुगलेला, पडलेला किंवा पुरात बुडालेला पॅक 'चालतोय ना' म्हणून वापरू नये. धूर किंवा फुसफुस आवाज आला तर पॅक उचलून बाहेर टाकण्याच्या भानगडीत पडू नये. दार ओढून घेऊन सगळ्यांना बाहेर काढावे आणि १०१ किंवा ११२ ला फोन करावा.

आणि कोणी भाजले किंवा धूर छातीत गेला, तर कॅज्युअल्टीत "आगीत भाजला" एवढेच सांगू नये. "बॅटरी पेटली होती, धूर नाकातोंडात गेलाय" असे पहिल्या वाक्यात सांगावे. केसपेपरवर ते लिहिले गेले, की डॉक्टर ईसीजी काढतात, रक्तातले कॅल्शियम पाहतात आणि छाती साफ वाटली तरी रुग्णाला रात्रभर देखरेखीखाली ठेवतात.